सीएच्या ऑफिसातला इंटर्न आणि आर्टिकल: काम एकच, मोजणी वेगळी

पुण्यात, नाशकात किंवा सांगलीत एखाद्या सीए फर्ममध्ये डोकावलात तर एकाच टेबलावर बसून दोन मुलं जीएसटीची बिलं जुळवताना दिसतात. दोघं सकाळी एकाच वेळी येतात आणि एकाच सिनिअरची बोलणी खातात. पण एकाचा तो दिवस सीए (चार्टर्ड अकाउंटंट) होण्यासाठी लागणाऱ्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणात धरला जातो, दुसऱ्याचा धरला जात नाही. पहिला आर्टिकल असतो, दुसरा इंटर्न. बाहेरून फरक कळत नाही, म्हणूनच बारावी झालेली किंवा बीकॉम करणारी बरीच मुलं 'सीएकडे लागलो' एवढ्यावर निश्चिंत होतात आणि सहा-आठ महिन्यांनी त्यांना कळतं की यातला एकही दिवस जमा झालेला नाही.

आर्टिकलशिप, म्हणजे हे मोजलं जाणारं प्रशिक्षण, ठरते ती नोंदणीवरून. तुम्ही काय काम करता किंवा फर्म किती नावाजलेली आहे, याने ती ठरत नाही. आयसीएआय, म्हणजे 1949 च्या कायद्याने स्थापन झालेली चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था, तिच्याकडे एका ठरावीक सीएच्या हाताखाली तुमचं नाव लागलं असेल तर तुम्ही आर्टिकल. नाव लागलेलं नसेल तर दिवसाला बारा तास ऑडिट केलंत तरी तुम्ही इंटर्न, ट्रेनी किंवा स्टाफच.

गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. 1 जुलै 2023 पासून शिक्षण-प्रशिक्षणाची नवी योजना लागू झाली, पण सल्ला देणारे काका, मामा, कॉलनीतला दादा जुन्या योजनेतून सीए झालेले असतात. त्यांच्या वेळी इंटरमीजिएटचा, म्हणजे फाउंडेशन आणि फायनल यांच्या मधल्या परीक्षेचा, एक ग्रुप (विषयांच्या दोन गटांपैकी एक) सुटला की आर्टिकलशिप सुरू करता यायची आणि ती तीन वर्षांची असायची. पदवीनंतर डायरेक्ट एन्ट्रीने येणाऱ्याला तर इंटरमीजिएट पास होण्याआधीच जॉइन होता यायचं. आता तसं नाही. दोन्ही ग्रुप पास व्हावे लागतात आणि आयसीआयटीएसएस हा आयसीएआयचा चार आठवड्यांचा कोर्स पूर्ण करावा लागतो. मगच आर्टिकलशिप सुरू होते आणि ती दोन वर्षांची असते. बारावीनंतर फाउंडेशन देऊन या किंवा पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला बसा, ही अट दोघांनाही सारखीच. त्यामुळे 'एक ग्रुप निघालाय ना, मग ये उद्यापासून' असं कोणी म्हणालं तर तो माणूस तुम्हाला कामावर घेतोय, आर्टिकल म्हणून घेत नाहीये. त्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. अनेकदा त्याच्याही डोक्यात जुनाच नियम असतो.

इंटर्नशिप कोणासाठी

इंटर्नशिपला प्रवेशाची अट नसते. फाउंडेशनचा अभ्यास करणारा, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षातला, सीए करायचं की नाही हेच न ठरलेला, कोणीही ती करू शकतो. मुदत फर्म ठरवते: सहा आठवडे, तीन महिने, कधी सहा. पैसे मिळतील किंवा मिळणार नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. त्याचे चार क्रेडिट धरले तर साधारण 120 तास भरतात, आणि कॉमर्सची बरीच मुलं ते तास सीएच्या ऑफिसातच भरतात. त्याचं प्रमाणपत्र कॉलेजला चालतं. आयसीएआयच्या दोन वर्षांत त्याचा काहीही उपयोग होत नाही.

तरीही ती वाया जाते असं नाही. पुस्तकात बँक रिकन्सिलिएशन (हिशेबाची वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं) दहा ओळींचं असतं. खऱ्या दुकानदाराच्या खात्यात तेच चारशे ओळींचं असतं आणि त्यातल्या वीस नोंदींना काही तपशीलच नसतो. टॅलीत व्हाउचर टाकणं, विक्रीची नोंदवही जीएसटी रिटर्नशी ताडून पाहणं, टीडीएस कापलाय का ते बघणं, हे आठ आठवड्यांत हाताला बसतं. शिवाय या कामात आपल्याला रस आहे का, हे इंटरमीजिएटची सहा पुस्तकं उघडण्याआधीच समजतं. बारावीनंतरच्या मोकळ्या दोन-तीन महिन्यांचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल. मुदत मात्र आधी ठरवून घ्या आणि ती संपली की बाहेर पडा. एक ग्रुप राहिलेला मुलगा 'तोवर अनुभव' म्हणून ऑफिसात अडकतो, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या टॅक्स ऑडिटच्या गर्दीत रात्री नऊपर्यंत बसतो आणि राहिलेला ग्रुप पुन्हा राहतो. असं वारंवार घडतं.

आर्टिकलशिप कशी सुरू होते

इथे पायऱ्यांचा क्रम चुकवून चालत नाही. इंटरमीजिएटला नाव नोंदवलं की आयसीआयटीएसएस करता येतं: दोन आठवडे माहिती तंत्रज्ञान, दोन आठवडे ओरिएंटेशन, मिळून चार आठवडे. हे निकालाची वाट बघतानाच उरकून टाका. निकाल लागला की सगळ्यांनाच बॅच हवी असते, जागा भरतात, आणि दोन्ही ग्रुप पास झालेला मुलगा फर्मची ऑफर हातात घेऊन बॅचच्या तारखेची वाट बघत बसतो.

त्यानंतर अर्ज. बोर्ड ऑफ स्टडीजचं, म्हणजे आयसीएआयच्या विद्यार्थी-शिक्षण विभागाचं, आर्टिकलशिपसाठी वेगळं पोर्टल आहे, तिथे फर्म जागा टाकतात आणि विद्यार्थी माहिती भरतात. पण मध्यम आणि लहान फर्मच्या जागा अजूनही ईमेल, ओळख आणि थेट जाऊन भेटणं यातूनच भरतात. बायोडाटा एका पानाचा पुरे. त्यात वरच्या भागात चार गोष्टी दिसायला हव्यात: दोन्ही ग्रुपचे गुण, किती अटेम्प्टमध्ये, आयसीआयटीएसएस पूर्ण झाल्याची तारीख आणि कधीपासून रुजू होऊ शकता. छंद आणि दहावीची बक्षिसं खाली गेली तरी बिघडत नाही. ईमेलच्या विषयातच 'आर्टिकलशिपसाठी अर्ज, दोन्ही ग्रुप पास, अमुक तारखेपासून उपलब्ध' असं लिहा, कारण निकालानंतरच्या आठवड्यात फर्मकडे असे कित्येक ईमेल येतात आणि आधी विषयच वाचला जातो.

मुलाखतीत विचारतात ते बहुतेक साधंच असतं. घसाऱ्याची नोंद कशी कराल, इनपुट टॅक्स क्रेडिट कधी मिळत नाही, तरतूद आणि आकस्मिक देणं यात काय फरक, एक्सेलमध्ये दोन याद्या कशा ताडाल. उत्तर येत नसेल तर नाही म्हणा. अंदाजाने कलम क्रमांक ठोकून दिला की पुढचे तीन प्रश्न त्याच कलमावर येतात.

तुम्हीही विचारायचं आहे, आणि पहिला प्रश्न हा: 'माझे प्रिन्सिपल कोण असतील आणि त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का?' आर्टिकलशिप फर्मकडे होत नाही, एका सीएकडे होते, आणि त्यालाच प्रिन्सिपल म्हणतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला किती आर्टिकल ठेवता येतात, हे त्याच्या प्रॅक्टिसच्या वर्षांवर ठरतं. नव्याने सुरुवात केलेल्याला कमी, जुन्याला जास्त. फर्ममध्ये काम भरपूर आहे पण भागीदारांच्या जागा भरलेल्या आहेत, अशा वेळी 'सध्या इंटर्न म्हणून ये, जागा झाली की नोंदणी करू' असं सुचवलं जातं. ही मधली मुदत मोजली जात नाही. ती पंधरा दिवसांची असेल तर तुम्ही ठरवा. तारीखच सांगत नसतील तर दुसरी फर्म बघा.

कंपनीच्या नावाची ऑफर आली तर आणखी जपून. एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड सल्लागार कंपनीतली किंवा मोठ्या अकाउंटिंग नेटवर्कच्या बॅक ऑफिसमधली इंटर्नशिप दिसायला आकर्षक असते, पैसेही बरे देते, पण ती आर्टिकलशिप नव्हे. मोठ्या नेटवर्कमध्येही आर्टिकल घेतले जातात ते त्यांच्या सीए फर्ममध्ये, तिथल्या भागीदाराच्या हाताखाली. कंपनीत जायचा नियमातला रस्ता म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण, आणि तो आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात, 9 ते 12 महिन्यांसाठी, प्रिन्सिपलला आधी कळवून घ्यायचा असतो. पहिल्या दिवसापासून नाही.

कागद आणि तारखा

रुजू झालात की फॉर्म 102, म्हणजे तुमच्यातला आणि प्रिन्सिपलमधला करारनामा, स्टॅम्प पेपरवर होतो. आणि फॉर्म 103, म्हणजे प्रत्यक्ष नोंदणी, आयसीएआयच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवरून सुरुवातीच्या तारखेपासून 30 दिवसांत जावा लागतो. सगळा खेळ या दुसऱ्या फॉर्मचा आहे. तुम्ही भरता, प्रिन्सिपल मंजूर करतात, मग संस्था मान्य करते. उशीर झाला तर माफीचा अर्ज आणि जादा शुल्क लागतं. बहुतेक वेळा फॉर्म अडतो तो प्रिन्सिपलच्या मंजुरीपाशी: ते क्लायंटच्या रिटर्नमध्ये गुंतलेले असतात, विद्यार्थी भिडेपोटी विचारत नाही, आणि तीस दिवस निघून जातात. विचारण्यात उद्धटपणा नाही. 'सर, तुमच्या लॉगिनमध्ये माझा 103 मंजुरीसाठी आला आहे' एवढं वाक्य पुरतं.

आता जॉइन व्हायच्या तारखेचं गणित. फायनलला बसण्यासाठी आर्टिकलशिप संपून सहा महिने व्हावे लागतात, आणि ते परीक्षेच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत मोजले जातात. परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. समजा 1 जुलै 2026 ला सुरू केलीत, तर 30 जून 2028 ला संपते आणि जानेवारी 2029 ची परीक्षा देता येते. 2 जुलैला सुरू केलीत तर थेट मे 2029. एका दिवसाने चार महिने. पण यातच दिलासाही आहे: 2 जुलै ते 1 नोव्हेंबर यात कधीही सुरू केलीत तरी अटेम्प्ट मेचाच. मे महिन्यात परीक्षा देणाऱ्यांचा निकाल साधारण जुलैच्या सुरुवातीला लागतो, म्हणजे 1 जुलै तशीही हुकलेली असते. मग पहिल्या आठवड्यात मिळेल त्या फर्मला हो म्हणायची घाई कशासाठी? तीन महिने नीट शोधा, चांगलं ऑडिट करणारी फर्म मिळवा, ऑक्टोबरमध्ये रुजू व्हा. अटेम्प्ट तोच राहतो. बाकीच्या दोन निकालांचंही असंच: मार्चच्या निकालानंतर पुढची महत्त्वाची तारीख 1 जुलै, नोव्हेंबरच्या निकालानंतर 1 मार्च. फक्त अगदी काठावर जाऊ नका. मंजूर रजेपेक्षा जास्त रजा झाली की तेवढे दिवस पुढे वाढतात आणि काठावरचा माणूस पुढच्या अटेम्प्टमध्ये ढकलला जातो.

इंटर्नला यातलं काहीच लागू नाही. तो सोमवारी सोडू शकतो, मंगळवारी दुसरीकडे जाऊ शकतो. आर्टिकलला तसं सोडता येत नाही. प्रिन्सिपलची संमती, फॉर्म 109 आणि नियमात बसणारं कारण लागतं. म्हणून आधीच आठ-दहा दिवस फर्म जवळून बघायला मिळाली तर उत्तम, आणि या एका बाबतीत छोटी इंटर्नशिप खूप मोलाची ठरते.

पैसे आणि कॉलेज

आर्टिकलला किमान स्टायपेंड नियमाने द्यावाच लागतो. तो शहराच्या लोकसंख्येवर आणि प्रशिक्षणाच्या वर्षावर ठरतो, त्यामुळे मुंबईचा आकडा साताऱ्याला लावून भांडू नका. तो तुमच्या बँक खात्यात किंवा रेखांकित चेकने आला पाहिजे. उलट दिशेने, म्हणजे आर्टिकल ठेवण्यासाठी तुमच्याकडून अनामत किंवा कुठलीही रक्कम घ्यायला सीएला मनाई आहे. 'स्टायपेंड खात्यात टाकतो, तू रोख परत दे आणि घरी बसून अभ्यास कर' अशी ऑफर आली तर उठून बाहेर या. याला डमी आर्टिकलशिप म्हणतात. उघडकीला आलं तर ती मुदत रद्द होऊ शकते, सीएवर कारवाई होते, आणि पकडले गेला नाहीत तरी फायनलनंतरच्या मुलाखतीत पाच मिनिटांत कळतं की हातून काही झालेलं नाही.

कॉलेज चालू असेल तर फॉर्म 112 भरून परवानगी घ्यायची असते. त्यावर कॉलेजची सही आणि तासांच्या वेळा लागतात, आणि त्या वेळा ऑफिसच्या वेळेत येता कामा नयेत. आठवड्याला 35 तास काम धरलेलं आहे. म्हणून सकाळचं कॉलेज सोयीचं. मुक्त विद्यापीठातून पदवी करत असाल तरी हा फॉर्म चुकत नाही, आणि बरेच जण तिथेच चुकतात, कारण त्यांना वाटतं की वर्गच नाहीत तर परवानगी कसली. इंटर्नला फॉर्म 112 नाही. त्याचा प्रश्न त्याच्या कॉलेजशी, हजेरीपुरता.

शेवटी हातात काय उरतं, तेही वेगळं. इंटर्नला लेटरहेडवरचं पत्र मिळतं. ते जपून ठेवा, बायोडाट्यात लिहा, पण त्यात 'आर्टिकल' हा शब्द लिहू नका आणि फर्मलाही लिहू देऊ नका. आर्टिकलची मुदत संपल्यावर प्रिन्सिपल फॉर्म 108 देतात, आणि त्यातली सुरुवातीची तारीख फॉर्म 103 वरूनच येते. म्हणून रुजू झाल्यावर पाचव्या आठवड्यात स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन दोन गोष्टी बघा: फॉर्म 103 समोर 'मंजूर' दिसतंय का, आणि तारीख तुम्ही आर्टिकल म्हणून रुजू झालात तीच आहे का. वेगळी दिसली तर त्याच दिवशी प्रिन्सिपलना सांगा. ती चूक पाचव्या आठवड्यात दुरुस्त करणं सोपं असतं, दोन वर्षांनी फायनलचा फॉर्म भरताना फार अवघड.