रिफ्लेक्शन्स स्पर्धेसाठी मुलांची संगीतरचना कशी पाठवायची

अमेरिकेत शाळा सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत दप्तरातून कागदांचा गठ्ठा घरी येतो. त्यात 'रिफ्लेक्शन्स' असं शीर्षक असलेला एक कागद असेल तर तो रद्दीत टाकू नका. घरात पेटी किंवा तबला असेल आणि मूल दर आठवड्याला गाण्याच्या क्लासला जात असेल, तर तो कागद तुमच्यासाठीच आहे.

नॅशनल पीटीए ही पालक आणि शिक्षकांची देशव्यापी संघटना 1969 पासून ही कलास्पर्धा घेते. साहित्य, छायाचित्रण, चित्रकला, नृत्यरचना, चित्रफीत आणि संगीतरचना असे तिचे सहा विभाग आहेत. आपली मुलं चित्रकलेत आणि साहित्यात हौसेने उतरतात. संगीतरचनेकडे वळणारी मात्र मला फार थोडी दिसतात. "आमची मुलगी गाते, पण ती काही संगीतकार नाही," असं आईवडील सांगतात. ज्या मुलीला भूप रागातले पाच स्वर नीट लागतात, तिच्या हातात रचनेचं साहित्य आधीच आलेलं आहे.

भाग कोणाला घेता येतो

बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना. अट एकच, पण ती पक्की आहे. मुलाच्या शाळेत नॅशनल पीटीएशी संलग्न असलेली पीटीए हवी आणि तिने त्या वर्षी रिफ्लेक्शन्स हाती घेतलेलं हवं. राष्ट्रीय कार्यालयाकडे परस्पर प्रवेशिका पाठवता येत नाही. पुष्कळ शाळांत पीटीए नसून पीटीओ असते. नावात एकाच अक्षराचा फरक असला तरी पीटीओ स्वतंत्र असते, राष्ट्रीय संघटनेचा भाग नसते, आणि तिच्यामार्फत ही स्पर्धा होत नाही. म्हणून शाळेत आधी हेच विचारून घ्या.

गट इयत्तेप्रमाणे पडतात: दुसरीपर्यंत प्रायमरी, तिसरी ते पाचवी इंटरमीजिएट, सहावी ते आठवी मिडल स्कूल, नववी ते बारावी हायस्कूल. अपंगत्व असलेल्या मुलांसाठी वेगळा गट आहे. तो स्पेशल आर्टिस्ट किंवा अ‍ॅक्सेसिबल आर्ट्स या नावाने ओळखला जातो.

स्वतःची रचना म्हणजे नेमकं काय

आपल्या घरांत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. क्लासमध्ये शिकलेली बंदिश मुलाने कितीही सुरेल गायली, तरी ती त्याची रचना होत नाही. शब्द बदलून चाल तीच ठेवली, तरीही नाही. गाजलेल्या भावगीताच्या चालीवर नवे शब्द बसवले, तर प्रवेशिका थेट बाद होऊ शकते, कारण कॉपीराइट असलेलं संगीत वापरायला मनाई आहे.

राग मात्र कोणाच्या मालकीचा नसतो. भूप, दुर्गा, देस यांपैकी कुठल्याही रागाच्या चौकटीत मुलाने स्वतःचा मुखडा (गाण्याची पहिली, पुन्हा पुन्हा येणारी ओळ) बांधला, स्वतःचा अंतरा (पुढचं कडवं) केला, तर ती त्याची रचना. तालाचंही तेच. तीनतालाच्या सोळा मात्रा सगळ्यांच्या आहेत. फोनवरच्या तबल्याच्या अ‍ॅपमधला तयार ठेका मागे लावण्यापासून मात्र मी सगळ्यांना परावृत्त करते. ते ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं. घरातल्या किंवा क्लासमधल्या कोणाला तरी साथीला बसवा.

हे नियमात बसतं, कारण रचना मुलाची असली पाहिजे, ती वाजवणारं मूलच असलं पाहिजे असं नाही. बाबांनी तबला धरला, ताईने व्हायोलिन वाजवलं तरी चालतं. अर्जात वादक आणि वाद्यं लिहायला जागा असते, तिथे सगळं प्रामाणिकपणे भरा. दोन भावंडांनी मिळून बांधलेली चाल मात्र चालत नाही. एका रचनेला एकच विद्यार्थी. संगणकाने आपोआप तयार केलेलं संगीत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेली चाल स्वीकारली जात नाही.

आणि मोठ्यांचा हात. गुरुजींनी "इथे गंधारावर न्यास घे", म्हणजे 'ग'वर येऊन थांब, असं सुचवलं की चाल ऐकायला छान होते, पण ती मुलाची राहत नाही. आठ वर्षांच्या मुलाची रचना आठ वर्षांच्या मुलाचीच वाटू द्या. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, थोडी अवघड जागी आली तर येऊ द्या.

विषय आणि निवेदन

दरवर्षी एक विषय ठरतो आणि सहाही विभागांना तोच लागू असतो. 2024-25 चा विषय 'अ‍ॅक्सेप्टिंग इम्परफेक्शन' होता, 2025-26 चा 'आय बिलाँग'. परीक्षक विषय, कल्पकता आणि तंत्र अशा तीन बाजू पाहतात, आणि सर्वाधिक वजन विषय कसा उलगडला याला असतं. मुलाकडे आधीपासून असलेल्या चालीला मागाहून विषय चिकटवला की ते लगेच कळतं. आधी विषयावर बोला. 'मी इथली आहे' हे तुला कधी वाटलं? आजीशी फोनवर बोलताना, की शाळेच्या बसमध्ये? त्या उत्तरातून चाल येऊ द्या.

रचनेसोबत 10 ते 100 शब्दांचं निवेदन द्यावं लागतं, आणि आपल्या मुलांसाठी हा अर्जातला सर्वांत मोलाचा भाग आहे. रचना पारंपरिक किंवा प्रादेशिक शैलीतली असेल तर तिचं मूळ आणि महत्त्व निवेदनात सांगावं, अशी सूचना स्पर्धेच्या नियमांतच आहे. परीक्षकाने भूप कधी ऐकला नसेल. त्याला सांगा, की हा पाच स्वरांचा राग आहे, तो संध्याकाळी गातात, आणि मला तो का घ्यावासा वाटला. गाण्याचे शब्द मराठी असतील तर त्यांचा अर्थही इथेच एका वाक्यात द्या. 'भारतीय संगीताला हजारो वर्षांची परंपरा आहे' यासारख्या वाक्यांवर शंभरातले दहा शब्द घालवू नका.

ध्वनिमुद्रण आणि स्वरलिपी

मर्यादा पाच मिनिटांची आहे. ख्यालगायनाच्या सवयीने आलाप, म्हणजे सुरुवातीचा संथ स्वरविस्तार, सुरू केला तर तीन मिनिटं त्यातच जातात, म्हणून आलाप अर्ध्या मिनिटात आटपा आणि मुखड्याला जागा द्या. शांत खोलीत फोनवर केलेलं एमपीथ्री ध्वनिमुद्रण पुरेसं आहे, स्टुडिओ लागत नाही. सुरुवातीला मुलाने स्वतःचं नाव सांगू नये. नाव अर्जात असतंच.

मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या गटांना स्वरलिपी किंवा टॅब्लेचर (गिटारसारख्या वाद्यावर बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारी लिपी) पीडीएफमध्ये जोडावंच लागतं. मुलांना येत असते ती सा-रे-ग-म अक्षरांत लिहायची भातखंडे लिपी, आणि ती वाचणारा परीक्षक मिळेल या भरवशावर राहू नका. पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणं वाटतं तितकं अवघड नाही. पेटीवरच्या काळी एकचा (पहिल्या काळ्या पट्टीचा) सा म्हणजे सी शार्प, काळी पाचचा ए शार्प. हे एकदा ठरलं की बाकीचे स्वर मोजत जायचे. तीनतालाचं आवर्तन चार मात्रांच्या चार खणांत (बारमध्ये) बसतं, सात मात्रांचा रूपक ताल सातच्या खणात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिरक्या रेषेने दाखवता येते. म्यूझस्कोर हे स्वरलिपी लिहायचं मोफत सॉफ्टवेअर मुलं एका शनिवारात शिकतात. लिपी लिहायला सॉफ्टवेअर वापरलं तरी हरकत नसते.

अर्ज आणि पुढचे टप्पे

अर्ज शाळेच्या पीटीएकडून मिळतो, काही ठिकाणी ऑनलाइन भरतात. त्यात विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, वय, पालकांचा संपर्क, विभाग, गट, रचनेचं शीर्षक, वादक-वाद्यं आणि निवेदन हे सगळं असतं. खाली विद्यार्थी आणि पालक दोघांच्या सह्या लागतात. काम स्वतःचं असल्याची ती ग्वाही असते, आणि पीटीएला ते प्रदर्शित करण्याची संमतीही. सही करण्यापूर्वी मुलाला हे वाचून दाखवा. व्हिसाचा किंवा नागरिकत्वाचा रकाना अर्जात नसतो. नव्याने आलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगते.

शेवटची तारीख प्रत्येक शाळेची पीटीए स्वतः ठरवते, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीची तारीख धरून बसू नका. पुष्कळ ठिकाणी ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे ऐन दिवाळीत येते. शाळेतून निवडलेली रचना जिल्ह्याकडे, तिथून राज्याकडे आणि मग राष्ट्रीय फेरीत जाते. मधले टप्पे राज्यागणिक थोडे बदलतात. यात काही महिने जातात, म्हणून मूळ ध्वनिमुद्रण आणि स्वरलिपीची एक प्रत घरी ठेवा.

शाळेत पीटीए आहे पण रिफ्लेक्शन्स होत नाही, असं उत्तर मिळालं तर बहुधा ते चालवायला कोणी पुढे आलेलं नसतं. त्या कामासाठी एक पालक स्वयंसेवक लागतो, त्याला रिफ्लेक्शन्स चेअर म्हणतात. शाळा उघडल्यावर पीटीएची पहिली बैठक असेल तिला जा आणि ते काम मागून घ्या.