एअर फिल्टर बदलून स्पोर्ट्स कारची पॉवर खरंच वाढते का? पाण्याच्या पाइपने मोजून बघितलं

मी मेलबर्नला राहतो आणि माझ्याकडे टोयोटा 86 आहे, 2013 ची, टर्बो वगैरे काही नाही, साधं हवा ओढणारं दोन लिटरचं इंजिन. ही गाडी घेतली की पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतं, अरे आधी तो कागदी एअर फिल्टर फेकून दे, तेल लावलेला कॉटनचा टाक, गाडी मोकळा श्वास घेईल. माझा मावसभाऊ पुण्याहून इथे शिकायला आलाय, तो तर एक पाऊल पुढे, म्हणाला "दादा, फिल्टरचा तो काळा डबाच काढून टाक की, सरळ उघडा शंकूसारखा कोन फिल्टर लावू, आवाज बघ कसला येतो." आवाज येतोच, त्यात वाद नाही. पण पॉवरचं काय, हे मला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी इंजिनला हवा लागते किती ते बघू. या गाडीत चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 86 मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोकसुद्धा 86 मिलिमीटर (नावातला 86 इथेही जुळतो), म्हणजे एका सिलिंडरमध्ये साधारण अर्धा लिटर हवा मावते. फोर स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. 7000 आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला 7000 फेऱ्यांना, जिथे ही गाडी तिची पूर्ण 200 हॉर्सपॉवर देते, तिथे हिशोब केला तर मिनिटाला जवळजवळ 7000 लिटर हवा होते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात सिंटेक्स टाक्या, दर मिनिटाला, आणि ते सगळं जातं वहीच्या पानाएवढ्या फिल्टरमधून. वजनात म्हणाल तर आठ किलोच्या वर, कारण एक घनमीटर हवा साधारण 1.2 किलो भरते. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी दोनदा तपासला होता, हवेला वजन असतं हे शाळेत शिकलेलं असतं पण मिनिटाला आठ किलो हवा म्हटलं की ते खरं वाटायला लागतं.

पेट्रोल जाळायला हवा वजनाने 14.7 पट लागते, त्यामुळे इंजिनची ताकद शेवटी किती किलो हवा आत गेली यावरच ठरते. पेट्रोल काय, इंजेक्टर हवं तेवढं टाकेल. म्हणून फिल्टर कमी अडवणारा असेल तर पॉवर वाढेल हे तत्त्व अगदी बरोबर आहे. प्रश्न एवढाच की तो अडवतो किती.

हे मोजायला महागडं काही लागत नाही. घर बांधताना गवंडी लेव्हल काढायला जो पारदर्शक पाइप वापरतात ना पाणी भरलेला, तोच. पाइपचं एक टोक फिल्टरच्या आधी, दुसरं फिल्टरच्या नंतर, मध्ये इंग्रजी यू सारखा लटकवलेला पाइप आणि त्यात अर्धं पाणी. फिल्टर हवेला जितकं अडवेल तितकं पाणी एका बाजूला वर चढणार. 10 सेंटीमीटर पाणी चढलं म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक टक्का दाब फिल्टरने खाल्ला, आणि ढोबळमानाने एक टक्का पॉवर गेली. मी पाण्यात जिलबीचा केशरी रंग टाकला म्हणजे नीट दिसेल, पाइप मीटरभर लांब ठेवला कारण पाणी इंजिनात ओढलं गेलं तर इंजिनच बसेल, आणि तो डॅशबोर्डला फूटपट्टीशेजारी चिकटपट्टीने लावला. बेनॅलाजवळच्या विंटनच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे होता, म्हणजे हौशी लोकांनी आपापली गाडी पळवायचा दिवस, तिथे हे केलं, भाऊ शेजारी बसून फोनवर व्हिडिओ काढत होता.

तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, 7000 पर्यंत. पाणी थरथरत असतं कारण इंजिन हवा एकसारखी ओढत नाही, घोट घेतल्यासारखी ओढतं, त्यामुळे अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे धरा. वीस हजार किलोमीटर चाललेला कागदी फिल्टर, 9 सेंटीमीटर. नवा कोरा कागदी, 6. तेल लावलेला कॉटनचा, 4. म्हणजे नवा कागद आणि कॉटन यांच्यात फरक दोन सेंटीमीटर पाण्याचा, टक्क्याचा पाचवा हिस्सा, 200 हॉर्सपॉवरच्या गाडीत अर्ध्याहूनही कमी हॉर्सपॉवर. हे कुठल्याही माणसाला सीटवर बसून जाणवणार नाही. तुलनेला सांगतो, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. म्हणजे असं इंजिन घेऊन नुसता खंडाळ्याचा घाट चढून पुण्यात आलात तरी या फिल्टरच्या फरकाच्या तीसेक पट पॉवर जाते, आणि कोणी त्याची तक्रार करताना मी ऐकलेलं नाही.

आणि हे सगळं पूर्ण थ्रॉटलचं झालं. रोज ऑफिसला जाताना आपण पाय जेमतेम ठेवलेला असतो, तेव्हा थ्रॉटलची झडप स्वतःच हवा अडवत असते, मुद्दाम, कारण गाडीचा वेग तसाच ताब्यात राहतो. तिथे आत दाब निम्म्यावर आलेला असतो, त्यात फिल्टरचा अर्धा टक्का कुठे दिसणार. फिल्टर तुंबला असेल तर तुम्ही नकळत पाय किंचित जास्त दाबता, झडप थोडी जास्त उघडते, हवा तेवढीच जाते. अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये हेच तपासलं होतं, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये तुंबलेल्या फिल्टरने मायलेजवर काही फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. फिल्टर बदला आणि मायलेज वाढवा असं जे सांगतात ते कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं आहे.

आता फिल्टर खरं काम काय करतो त्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात रंजक भाग तोच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याला वाटतं फिल्टर म्हणजे चाळणी, भोकापेक्षा मोठा कण अडकतो, छोटा जातो. तसं नाहीये. कागदाच्या तंतूंमधली जागा बऱ्याच धूलिकणांपेक्षा मोठी असते, तरीही कण अडकतात. हवा तंतूला वळसा घालून जाते पण जड कणाला तेवढ्या पटकन वळता येत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो आणि चिकटतो, घाटात वेगात आलेला ट्रक वळणावर सरळ कठड्याला जातो तसं. मधल्या आकाराचे कण हवेबरोबर वळतात पण तंतूच्या इतक्या जवळून जातात की घासून अडकतात. आणि अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात, तसे भटकता भटकता तंतूला लागतात. त्यामुळे अडवायला सगळ्यात अवघड कण सगळ्यात बारीक नसतो, साधारण 0.3 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा असतो, तो धड जडही नाही आणि धड भटकतही नाही. गंमत म्हणजे फिल्टर थोडा मळला की अजून चांगला गाळतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवायला लागते. म्हणून दर रविवारी काढून झटकण्यात काही फायदा नाही, उलट तोटाच.

धुळीत क्वार्ट्झ म्हणजे सिलिका भरपूर असते आणि ती लोखंडापेक्षा कडक. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो, त्यात तेवढाच कण शिरला की पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. समजा एक फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 97 टक्के. ऐकायला फरक दोन टक्क्यांचा, पण इंजिनला 97 कधी दिसतच नाही, त्याला दिसते आत आलेली धूळ, आणि ती तिप्पट आहे.

हा झगडा जुनाच आहे. 1942 मध्ये माल्टा आणि उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश स्पिटफायर विमानांना वाळूपासून वाचवायला व्होक्स नावाचा मोठा फिल्टर नाकाखाली लावला होता, हनुवटी सुजल्यासारखी दिसायची विमानं, आणि त्याने वेग कमी झाला. फिल्टर काढला तर वाळू इंजिन खाणार, ठेवला तर शत्रूचं विमान हातचं जाणार. शेवटी इजिप्तमध्ये अबुकीरच्या दुरुस्ती केंद्रातल्या लोकांनी स्वतःच छोटा, सुटसुटीत फिल्टर बनवला आणि तो अबुकीर फिल्टर म्हणूनच ओळखला गेला. मला हे फार आवडतं, जिथे वाळू खरंच नाकातोंडात जात होती तिथल्याच हातांनी उत्तर काढलं.

तेल लावलेल्या कॉटनबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तो धुऊन परत वापरता येतो, ते चांगलंच आहे. पण धुतल्यावर पूर्ण सुकू द्यायचा आणि मग घडीघडीवर तेलाची बारीक रेघ द्यायची, बस, वीस मिनिटांत ते आपोआप पसरतं. मी पहिल्यांदा घाईत जास्त तेल घातलं. फिल्टरच्या मागे मास एअर फ्लो सेन्सर असतो, केसासारखी बारीक गरम तार, हवा तिला किती थंड करते त्यावरून कॉम्प्युटर हवेचं वजन ओळखतो. त्या तारेवर तेलाचा थर बसला की तिचं मोजमाप चुकतं आणि पेट्रोलचा हिशोब बिघडतो. दोन दिवसांनी सिग्नलला गाडी आयडलिंगवर थरथरायला लागली, सेन्सर काढून त्याच्या खास स्प्रेने साफ केल्यावरच ठीक झाली.

आता भावाचा उघडा कोन. कंपनीचा डबा बोजड दिसतो पण त्याचं तोंड पुढे ग्रिलच्या वर आहे, बाहेरची थंड हवा घेतो. डबा काढला की फिल्टर बॉनेटखाली रेडिएटरने तापलेली हवा ओढणार. 25 अंशांच्या ऐवजी 55 अंशांची हवा आत गेली तर ती नऊ टक्क्यांनी विरळ असते, साधा गॅसचा नियम आहे. गाडी वेगात असेल तर हा फरक बराच कमी होतो हे खरं, पण मेलबर्नच्या जानेवारीत, 40 अंशांत, ट्रॅफिकमधून सुटताना नाही होत. वर या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो 12.5, म्हणजे आतलं मिश्रण साडेबारा पट दाबलं जातं, हवा तापली की नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके पडणं) टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे पॉवर अजून कमी. दोन सेंटीमीटर पाणी वाचवायला एवढं घालवायचं, मला नाही पटत.

आवाजाचं म्हणाल तर कंपनीने या गाडीत इनटेकपासून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेपासून, केबिनपर्यंत एक नळीच टाकलीये, हवेच्या घोटांचा आवाज ड्रायव्हरपर्यंत यावा म्हणून. आवाज वाढला की गाडी जास्त पळतेय असं वाटतं आणि ते वाटणं खरं असतं, फक्त स्टॉपवॉचमध्ये दिसत नाही. आवाज आवडतो म्हणून कोणी कोन लावला तर माझी काहीच हरकत नाही, आवाजासाठी लावतोय एवढं स्वतःला माहीत असावं.

सध्या माझ्या गाडीत नवा कागदीच आहे. बसवताना रबरी कडेवर बोट फिरवून बघितलं, कारण कड एका जागी दुमडली तरी हवा न गाळता तिथून वाट काढते आणि मग फिल्टर कुठला का असेना. कॉटनवाला उन्हाळाभर चालवल्यावर मी फिल्टरच्या मागच्या पाइपमध्ये पांढरा रुमाल फिरवला होता, त्यावर पुसटशी तपकिरी रेघ आली होती. हा उन्हाळा संपला की कागदाच्या मागेही तोच रुमाल फिरवणार आहे, भावाने तो धुऊन वेगळा ठेवलाय.