शंभर नोंदी, दहा खारी

बडोद्याच्या कमाटीबागेतली खार माणसाला किती जवळ येऊ देते? प्रश्न पोरकट वाटला, तरी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना तो फार मोलाचा आहे. शेंगदाणा कुरतडणाऱ्या खारीकडे एका चालीने सरळ जायचं. आधी तिचे दात थांबतात, शेपटी झटकली जाते, मग ती खोडाच्या पलीकडे नाहीशी होते. त्या क्षणी जिथे असू तिथेच थांबून, ती बसली होती तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. हे तिचं पलायन-अंतर.

यडेनबर्ग आणि डिल या संशोधकांनी १९८६ साली यामागचा हिशेब मांडला. धोका दिसताक्षणी पळालं तर घास सुटतो. थांबण्यातला धोका पळण्याच्या तोट्याला भिडला, की प्राणी निघतो.

खरी कसोटी यापुढे. विज्ञान शाखेतला एखादा विद्यार्थी बागेच्या एकाच कोपऱ्यात आठवडाभर फिरून १०० नोंदी आणतो. पण त्या कोपऱ्यात खारी मोजून दहा! समजा खारीखारींच्या पलायन-अंतरातल्या फरकाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून एकेक खार साधारण किती दूर असते याचं माप, ४ मीटर आहे. दहा खारींच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी साधारण किती चुकू शकते याचा अंदाज, येते ४ भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.३ मीटर. शंभर नोंदी स्वतंत्र, म्हणजे शंभर वेगळ्या खारींच्या, धरल्या तर तीच ०.४ दिसते. ही खोटी खात्री आहे, आणि तिच्यावर बेतलेला निष्कर्ष कितीही देखणा असला तरी मला तो मान्य नाही. हर्लबर्ट या संशोधकांनी १९८४ साली परिस्थितिकीतले १७६ प्रयोग तपासले, तेव्हा सांख्यिकी चाचण्या वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांत हाच दोष निघाला.

म्हणून पुन्हा पुन्हा मोजणं वाईट, असं मात्र नाही. प्राणी ओळखता आला तर तेच सोनं ठरतं. अर्जेंटिनात कारेते आणि तेया या संशोधकांनी बिळात राहणाऱ्या, खुणा केलेल्या घुबडांचं पलायन-अंतर वर्षानुवर्षं मोजलं. धीट घुबड धीट राहिलं, भित्रं भित्रंच. म्हणजे शहरात धीट पक्षी दिसतात ते केवळ माणसांची सवय झाल्यामुळे नव्हे. मुळात धीट असलेलेच तिथे वस्ती करत असावेत. उत्क्रांतीच्या दृष्टीने या दोन उत्तरांत मोठा फरक आहे, कारण नैसर्गिक निवड व्हायची तर आधी व्यक्तीव्यक्तींत टिकाऊ फरक हवा.

कमाटीबागेतल्या खारी सवयीने धीट झाल्यात की निवडीने, हे ठरवायचं तर प्रत्येकीला खूण हवी. तोवर एका झाडाची एकच नोंद घ्यावी आणि पुढची बरीच लांब जाऊन.