गिरक्या घेणारा मासा जिवंतच आणा

आमच्याकडून जिताडा, तिलापिया आणि कटला-रोहूचं बीज नेणाऱ्या सर्व तळेधारकांसाठी

"मासा गरगर फिरतोय, पोट वर करतोय, औषध सांगा." पावसाळ्याच्या तोंडावर असे फोन रोज येतात. फोनवर आम्ही औषध सांगत नाही म्हणून काहीजण नाराजही होतात. पण फिरण्याची कारणं बरीच आहेत. पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंड वासत असतील तर प्राणवायू कमी पडलाय, आधी एरेटर लावा. शेजारच्या उसावर फवारणी झाली आणि ते पाणी तळ्यात उतरलं, तरी मासा वेडावाकडा पोहतो. तिलापिया फिरतोय आणि त्याचे डोळेही बाहेर आलेत, तर बऱ्याचदा स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असतो. त्यावर उपचार होतो.

जिताड्याच्या पिल्लांचं मात्र वेगळं. ती काळी पडली, खाणं सोडलं, गिरक्या घेऊन तळाशी पडू लागली, तर बीटानोडा विषाणूची शंका घ्यावी लागते. हा विषाणू मेंदूत आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यात वाढतो, तिथल्या पेशींत पोकळ्या पडतात. म्हणून माशाला तोल राहत नाही. भारतात हॅचरीतल्या, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रातल्या, जिताड्यात तो सापडल्याची नोंद 2005 सालची आहे. पहिल्या काही आठवड्यांतली पिल्लं सर्वांत जास्त मरतात, कधी टाकीच्या टाकी जाते. यावर औषध नाही. अँटिबायोटिक टाकलं तर फक्त पैसे जातात. माणसाला हा रोग होत नाही.

आता आमची कळकळीची विनंती. मेलेला मासा आणू नका. गेल्या वर्षी शिरोळकडच्या क्षारपड रानातले एक ग्राहक वास येऊ नये म्हणून मासे साफ करून, डोकी काढून घेऊन आले. त्यांनी मनापासून केलं होतं, पण तपासायचं तेच टाकून दिलं होतं! कोरोनात स्वॅबची जी आरटी-पीसीआर झाली, तीच पद्धत इथे मेंदू आणि डोळ्यावर वापरतात. मेलेल्या माशाचा मेंदू उन्हात काही तासांत पातळ होतो. मग रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तरी त्यावर विसंबता येत नाही, आणि चार दिवस वाया जातात. नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आणला तरी ही चाचणी नीट होत नाही.

बीज ज्या ऑक्सिजनच्या पिशवीत नेता, तशाच पिशवीत फिरणारे पाच-सहा मासे सकाळी लवकर आणा. वाटेत मेलेच तर अख्खे बर्फावर ठेवा. नमुना आम्ही इथेच काढतो आणि खास द्रावणाच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेला पाठवतो. फी आगाऊ घेतो, कारण रिपोर्ट काहीही आला तरी प्रयोगशाळेचा खर्च तेवढाच असतो.

जिताड्याचं जिरं, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, स्वस्त मिळतं, तरी आम्ही ते विकत नाही. तपासणीचा रिपोर्ट असलेल्या हॅचरीची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लंच, देतो. दर थोडा जास्त पडतो, पण सर्वांत नाजूक वय मागे पडलेलं असतं. तरीही वाचलेला मासा विषाणू बाळगून असू शकतो, म्हणून नवं बीज जुन्या तळ्यात लगेच सोडू नका. बाजारातली हलकी मासळी जिताड्याला कच्ची खाऊ घालू नका, फ्रीजरमध्येही हा विषाणू टिकतो.

आजारी तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यात वापरू नका. निकाल येईपर्यंत पाणी ओढ्यात सोडू नका. निघण्याआधी फोन केलात तर बाटली तयार ठेवतो. रविवारी नमुने घेत नाही.