फी लिहिलेलीच नसते: क्रिप्टो पाठवताना होणाऱ्या महागड्या चुकांची पार्श्वभूमी

मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची मनिऑर्डर आली की पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजून द्यायचा आणि घरातलं माणूस पावतीवर सही नाहीतर अंगठा करायचं. कोकणातल्या कित्येक घरांचा महिना या मनिऑर्डरीवर निघायचा. १८८० मध्ये सुरू झालेली ही सोय तिच्या जुन्या रूपात २०१५ मध्ये बंद झाली. तिच्या फॉर्मची आठवण इथे मुद्दाम काढतो. पाठवायची रक्कम आकड्यांत लिहायची, खाली पुन्हा अक्षरी लिहायची. कमिशन, म्हणजे शेवटच्या काळात वीस रुपयांमागे एक रुपया, खिडकीवर वेगळं मोजून द्यायचं. अंगठा करणाऱ्यालाही पाठवणावळ किती पडली ते ठाऊक असायचं.

आता बोटीवर नोकरीला असलेल्या मुलांच्या मोबाइलमध्ये वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं-पाठवायचं ॲप, आलं आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या वाडीतला एक मुलगा मालवाहू बोटीवर असतो. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याने एका बंदरातून धाकट्या भावाला १०० डॉलरचे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो टोकन, पाठवले, इथेरियमच्या नेटवर्कवरून. वॉलेटने दोन आकडे दाखवले: गॅस लिमिट ६५,००० आणि दर १२० ग्वेई. (इथर हे इथेरियमचं चलन, आणि ग्वेई म्हणजे इथरचा अब्जावा भाग.) त्याला मोठा आकडा खटकला. तो कमी केला की खर्च कमी होईल असं समजून त्याने ६५,००० च्या जागी ३०,००० घातले. व्यवहार अर्ध्यात फसला, यूएसडीटी जागेवरच राहिले, पण ३०,००० गुणिले १२० ग्वेई म्हणजे ०.००३६ इथर कापले गेले. त्या वेळच्या भावाने साधारण १६ डॉलर. दुसऱ्यांदा काही न बदलता पाठवलं, तेव्हा आणखी ०.००७८ इथर, म्हणजे ३५ डॉलर गेले. शंभर पाठवायला एक्कावन्न. धाकट्याने मला स्क्रीनशॉट दाखवला, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, पहिल्या वेळी पैसे पोचलेच नाहीत, मग फी कसली घेतली?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘गॅस’ या शब्दातच आहे. इथेरियमवर फी रकमेवर बसत नाही, नेटवर्कला पडलेल्या कामावर बसते. शंभर डॉलर पाठवा की लाख, काम तेवढंच. साधं इथर पाठवायला २१,००० एकक गॅस लागतो, यूएसडीटीसारखं टोकन पाठवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. लिमिट म्हणजे जास्तीत जास्त किती गॅस जाळायची परवानगी आहे ते. ती जास्त ठेवली तरी न वापरलेल्या गॅसचे पैसे लागत नाहीत. कमी ठेवली, तर काम मध्येच थांबतं. मुंबईहून निघताना निम्मंच पेट्रोल भरलं तर गाडी कशेडी घाटात बंद पडणार, आणि तिथवर जळलेलं पेट्रोल काही परत मिळत नाही. पैसे वाचवायचे तर दर कमी करायचा असतो, लिमिट नव्हे. पण पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच चौकटींत, आणि लिमिटचा आकडा दराच्या कितीतरी पट मोठा. हाताचं बोट तिथेच जाणार.

मात्र ज्या चुकांच्या बातम्या झाल्या, त्यांचं मूळ याच्या आधीचं आहे, बिटकॉइनच्या रचनेतलं. इथे थोडं थांबून सांगतो, कारण मला वाटतं, खरा घोळ याच एका निर्णयात आहे.

बिटकॉइनच्या व्यवहारात फी कुठेही लिहिलेली नसते. त्यासाठी रकानाच नाही. २००८ च्या मूळ नऊ पानी टिपणात एका वाक्यात एवढंच म्हटलं आहे की आत आलेल्या रकमेपेक्षा बाहेर जाणारी रक्कम कमी असेल तर मधला फरक ही फी, आणि ती ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, बनवणाऱ्या मायनरच्या मोबदल्यात जमा होते. एसटीत पाचशेची नोट दिली आणि कंडक्टरकडे सुटे नसले, तर तो उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देतो. उतरताना ते मागून घ्यायचे. बिटकॉइनमध्ये तिकिटामागे लिहायचं काम प्रवाशाचं आहे. समजा माझ्याकडे २ बिटकॉइनचं एक सलग नाणं आहे आणि मला ०.३ पाठवायचे आहेत. नाणं मोडून अर्धवट वापरता येत नाही, ते पूर्ण द्यावं लागतं. म्हणून व्यवहारात दोन ओळी लागतात: ०.३ समोरच्याला, १.६९९ परत मलाच. उरलेला ०.००१ आपोआप फी होतो. दुसरी ओळ राहून गेली, तर फी होते १.७ बिटकॉइन. नेटवर्कच्या नियमांनुसार हा व्यवहार शंभर टक्के बरोबर आहे. त्याला अडवण्याचं कारणच कोणाकडे नाही.

या निर्णयाच्या बाजूने जे सांगितलं जातं, ते हलकं नाही. फी कोणाला मिळणार हे पाठवताना ठाऊकच नसतं, कारण पुढचा ब्लॉक कोण बनवेल ते आधी कळत नाही. म्हणजे फीची ओळ कोणाच्या नावावर लिहिता येत नाही. वजाबाकीने निघणारा आकडा वेगळा साठवणं म्हणजे प्रत्येक व्यवहारात काही बाइट जास्त, आणि ते जगभरच्या प्रत्येक संगणकाने कायम सांभाळायचे. शिवाय आकडा लिहिला तरी तो चुकीचा लिहिला जाणार नाही याची हमी काय? हे सगळं मान्य केलं तरी मला मनिऑर्डरचा फॉर्म आठवतो. अक्षरी रक्कमही हिशेबाला लागत नव्हती. आकड्यांत चूक झाली तर दोन्ही जुळणार नाहीत आणि कारकून फॉर्म परत देईल, यासाठी ती होती. आठ बाइटचा एक रकाना ठेवून वजाबाकी त्याच्याशी जुळली नाही तर व्यवहार नाकारायचा, एवढा नियम २००९ मध्ये घातला असता तर परत येणारी ओळ विसरलेले व्यवहार दारातच अडले असते.

सुरुवातीला हे कोणाला टोचलं नाही, कारण फीच नगण्य होती. जुनी, बराच काळ न हललेली नाणी तर फुकट जात. नंतर ब्लॉकमध्ये जागा अपुरी पडू लागली, तसा बोलीचा बाजार सुरू झाला. २०१७ च्या डिसेंबरात साध्या व्यवहाराची सरासरी फी काही दिवस ५० डॉलरच्या घरात गेली. तेव्हापासून फी हाताने बदलण्याची सवय लागली आणि एककांचा गोंधळ वाढला. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. फीचा दर ‘प्रति व्हर्च्युअल बाइट (व्यवहाराच्या आकाराचं माप) इतके सातोशी’ असा असतो, एकूण फी नुसत्या सातोशीत. साधा व्यवहार साधारण १४० व्हर्च्युअल बाइटचा. एकूण २०,००० सातोशी द्यायचे मनात असलेल्या माणसाने तो आकडा दराच्या चौकटीत टाकला, की फी होते २८ लाख सातोशी, म्हणजे ०.०२८ बिटकॉइन. एकशे चाळीस पट.

बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरने याला लगाम घातला: एका व्यवहाराला ०.१ बिटकॉइनहून जास्त फी लागत असेल तर वॉलेट तो पाठवायला नकार देतं. २०१५ च्या सुमारास ०.१ बिटकॉइन म्हणजे पंचवीस-तीस डॉलर होते, तेव्हा हा लगाम आवळलेला होता. तोच आकडा २०२१ च्या नोव्हेंबरात सहा हजार डॉलरच्या आसपास पोचला. लगाम बिटकॉइनमध्ये मोजल्यामुळे भाव चढला तसा तो आपोआप सैल झाला. आणि जे स्वतःचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांना हा लगाम लागूच नाही.

हार्डवेअर वॉलेटांची, म्हणजे व्यवहारावर सही करणाऱ्या वेगळ्या छोट्या उपकरणांची, कथा याच धाग्याला धरून आहे. जुन्या पद्धतीत सही करताना आत येणारी रक्कम सहीत धरलीच जात नसे. मग फी किती ते उपकरणाला कळायचं कसं? मागचे सगळे व्यवहार पूर्ण मागवून बेरीज करायची, आणि इवल्याशा उपकरणाला ते जड जायचं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सेगविट हा बिटकॉइनच्या नियमांतला बदल आला, सहीत त्या त्या नाण्याची रक्कम धरली गेली, आणि मागचे व्यवहार तपासणं अनेकांनी सोडून दिलं. २०२० च्या जूनमध्ये त्यातली फट जाहीर झाली. प्रत्येक सही फक्त आपल्याच नाण्याच्या रकमेची खात्री देत होती. संगणकातल्या वाईट सॉफ्टवेअरने एकच व्यवहार दोनदा सहीला पाठवला, दर वेळी वेगळ्या नाण्याची रक्कम खोटी सांगितली, तर दोन्ही खेपांतली एकेक खरी सही जोडून प्रचंड फीचा व्यवहार तयार करता येत होता. मालकाला दोन्ही वेळा पडद्यावर फी थोडकीच दिसली असती. वॉलेटं पुन्हा मागचे व्यवहार मागवू लागली. सगळ्या नाण्यांच्या रकमा एकाच सहीत बांधण्याची सोय २०२१ च्या नोव्हेंबरात टॅपरूट या पुढच्या बदलाबरोबर आली. मूळ टिपणानंतर तेरा वर्षांनी.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. २०१३ मध्ये एका व्यवहारात २०० बिटकॉइन फी गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये ०.०००१ बिटकॉइन पाठवताना २९१ बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने सुमारे १ लाख ३६ हजार डॉलर. इथेरियमवर २०१९ च्या फेब्रुवारीत ०.१ इथरवर २,१०० इथर. २०२० च्या जूनमध्ये ०.५५ इथर पाठवताना १०,६६८ इथर फी, म्हणजे सुमारे २६ लाख डॉलर, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पत्त्यावरून जवळपास तेवढीच फी पुन्हा. २०२१ च्या सप्टेंबरात एका एक्स्चेंजने १ लाख डॉलरचे यूएसडीटी हलवताना ७,६७६ इथर घालवले, सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर. दशांश चिन्ह असलेली संख्या दुसऱ्या रूपात बदलताना सॉफ्टवेअरने घोळ घातला होता. २०२३ च्या सप्टेंबरात अशाच एका कंपनीने सुमारे दोन हजार डॉलर पाठवायला १९.८ बिटकॉइन फी भरली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात १३९.४२ बिटकॉइनच्या व्यवहारातून पलीकडे ५५.७७ पोचले आणि ८३.६५ फी झाली.

या घटना ‘घाईत बोट चुकलं’ अशा मथळ्यांखाली छापल्या गेल्या. मला हे मान्य नाही. २०२१ ची आणि २०२३ च्या सप्टेंबरची चूक कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची होती, तिथे कोणाचं बोट नव्हतंच. आमच्या वाडीतल्या मुलाने तरी काय निष्काळजीपणा केला? समोर दिसलेल्या दोन आकड्यांतला मोठा आकडा कमी केला.

पैसे परत मिळाले का, याचं उत्तर प्रत्येक वेळी मायनरच्या मर्जीवर ठरलं. २०१९ मध्ये मायनिंग पूलने, म्हणजे मायनरांच्या गटाने, निम्मी रक्कम परत केली आणि निम्मी आपल्या मायनरांत वाटली. २०२० च्या दुसऱ्या व्यवहाराची फी दुसऱ्या एका पूलने काही दिवस वाट पाहून सभासदांत वाटून टाकली. त्यावर बरीच भांडणं झाली. २०२१ मध्ये एका मायनरने ७,६२६ इथर परत केले. २०२३ च्या सप्टेंबरातली रक्कमही परत आली. मोठ्या रकमेची बातमी होते, पूलचा पत्ता लागतो, विनंती करता येते. आपल्याकडच्या छोट्या रकमांना तो मार्ग नाही.

शिवाय ५ ऑगस्ट २०२१ नंतर इथेरियमवर फीच्या एका भागासाठी विनंती करायलाही पलीकडे माणूस उरला नाही. त्या दिवशीच्या बदलानंतर फीचे दोन भाग पडले. मूळ दराचा भाग जाळला जातो, म्हणजे चलनातून कायमचा नाहीसा होतो. वर दिलेली बक्षिशी तेवढी ब्लॉक बनवणाऱ्याला मिळते. दर आधीपेक्षा अंदाजात येऊ लागले, हे खरं. पण नोव्हेंबरात गेलेल्या त्या एक्कावन्न डॉलरपैकी बहुतेक भाग कोणाच्याच खिशात गेला नाही.

आपल्याकडची करव्यवस्था याच्या पुढच्याच वर्षी आली. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. तेव्हा आलेल्या कलम ११५ बीबीएच प्रमाणे खरेदीच्या किमतीशिवाय कुठलाही खर्च वजा करता येत नाही आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता होत नाही. वाशीच्या दलालाकडून आंब्याची पट्टी येते, तिच्यावर हमाली, तोलाई, अडत वेगवेगळी दाखवलेली असते, आणि बागायतदार तो खर्च आपल्या वहीत मांडतो. नेटवर्कच्या फीला ती ओळ नाही. धाकट्या भावाने गेल्या उन्हाळ्यात विवरणपत्र भरताना मला विचारलं, दादाचे ते पैसे कुठल्या रकान्यात दाखवायचे. आम्ही दोघांनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. तसा रकाना सापडला नाही.