"सायन्सच घे" हे घरात आलं कुठून?

दहावीचा रिझल्ट लागला की घरोघरी एकच विषय, सायन्स का कॉमर्स, आणि आर्ट्सचं नाव काढलं की आजी सोडून सगळे गप्प. आईबाप लादतात असं आपण पटकन म्हणतो. लादतात की काही जण, नाही कोण म्हणतंय, पण मला वाटतं बहुतेकांचा सल्ला त्यांच्या स्वतःच्या तरुणपणी कोणाचं भलं झालं आणि कोणाची वाट लागली यावरून ठरलेला असतो. म्हणजे तो पोराच्या हातात पडेपर्यंत पंधरावीस वर्षं शिळा झालेला असतो. जरा मागं जाऊन बघितलं तर प्रत्येक पिढीत हेच दिसतं.

आधी तर प्रश्नच नव्हता. सुताराचा पोरगा सुतार, कुंभाराचा कुंभार, जात आणि वतन बघून सगळं ठरलेलं. 1857 ला मुंबई विद्यापीठ निघालं, मॅट्रिकच्या परीक्षा सुरू झाल्या आणि सरकारी नोकरी नावाची नवी वाट उघडली, पण ती वाट कोणासाठी? महात्मा फुल्यांनी 1882 ला इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनसमोर हेच मांडलं की सरकार खर्च करतं पण शिक्षणाचा फायदा वरच्याच लोकांना मिळतो. ज्यांच्या घरात नोकरीची परंपराच नव्हती तिथं बापाचा जोर किती मोठा असू शकतो याचं उदाहरण म्हणजे सुभेदार रामजी आंबेडकर. लष्करात शिक्षक राहिलेला माणूस, मुलाच्या शिक्षणासाठी मुंबईला बिऱ्हाड आणलं आणि 1907 ला भीमराव मॅट्रिक झाले. तिथं "हेच हो" असा आग्रह होता असं नाही, शिक हा आग्रह होता, आणि माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांसाठी मुंबईतली वाट म्हणजे गिरणी. काका नाहीतर गाववाला जॉबरला, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाला सांगून पोराला चिकटवणार, आधी बदली कामगार म्हणून आणि मग नशीब असेल तर पर्मनंट. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर, आणि त्यातल्या कित्येकांना परत आत जाताच आलं नाही. ज्यांनी पंधरासोळाव्या वर्षी बापाला असं घरी बसलेलं बघितलं ती पोरं पुढं स्वतः आईबाप झाली आणि त्यांच्या तोंडी एकच वाक्य, डिग्री घे, कोणाच्या भरवशावर राहू नको.

डिग्री मिळणार कुठं हेही त्याच सुमारास बदललं. तोवर इंजिनिअरिंग म्हणजे पुण्याचं सरकारी कॉलेज, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकी नावं, बाकीचे पैसेवाले कॅपिटेशन म्हणजे डोनेशन भरून कर्नाटकात जायचे. 1983 ला वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि मग साखर कारखान्याशेजारी पण इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. शेतकऱ्याच्या घरात "पोरगं इंजिनिअर करायचं" हे पहिल्यांदा शक्य वाटायला लागलं, त्यासाठी जमीन विकलेले पण खूप.

आता वय. कोठारी शिक्षण आयोगाचा 10+2+3, म्हणजे दहावी, बारावी आणि मग तीन वर्षं डिग्री, आपल्याकडं आला, 1975 ला नव्या पॅटर्नची पहिली दहावी झाली, आणि अकरावी मॅट्रिक जाऊन शाखा निवडायचा क्षण पंधरासोळाव्या वर्षावर येऊन बसला. त्या वयात पोराला काय कळतं, म्हणून फॉर्म बापच भरणार. वर नियम असा की सायन्सवरून कॉमर्स आर्ट्सला जाता येतं, उलटं जाता येत नाही. त्यामुळं "सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात" हे फक्त हट्टाचं बोलणं नाही, त्यात हिशोब आहे. बायो सोडायचं का ठेवायचं, बायफोकलला, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यावसायिक विषयाला, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन 200 मार्कांचं बघायचं का, ही सगळी त्याच हिशोबातली पोटगणितं. पुढं लातूर पॅटर्न, म्हणजे लातूरच्या कॉलेजांतली कसून तयारी, गाजला आणि मराठवाड्यातले आईबाप पोरांना खोली करून द्यायला लागले, काही आया तर स्वतःच दोन वर्षं तिथं जाऊन राहिल्या.

पोरींचं गणित वेगळंच. "मुलीला मास्तरकी बरी, अर्धा दिवस शाळा आणि घर पण होतं" म्हणून डी.एड. साधारण 2000 नंतर डी.एड. कॉलेजं गल्लोगल्ली निघाली, बारावीला चांगले मार्क पडलेल्या हुशार पोरी तिकडं घातल्या कारण गावातल्या आधीच्या बॅचला खरंच नोकऱ्या लागल्या होत्या. मग भरती आटली, 2013 पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पण आली, आणि डिप्लोमा कपाटात राहिला. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण इथं सल्ला देणाऱ्याची नियत साफ होती आणि पोरींना कोणी विचारलंच नव्हतं.

मानसशास्त्रात याला नाव आहे. जेम्स मार्शिया या संशोधकानं 1966 ला किशोरवयीन मुलांच्या "मी कोण" या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या, त्यातली एक फोरक्लोजर, म्हणजे स्वतः काहीच न धुंडाळता घरच्यांनी ठरवलेलं आपलं मानून टाकणं. अशी पोरं दुःखी दिसतातच असं नाही, उलट शांत दिसतात, म्हणून आईबापाला शंकाच येत नाही.

सरकारनं 2016 ला दहावीची कल चाचणी, म्हणजे पोराचा ओढा कुठं आहे हे बघणारी परीक्षा, आणली, मार्कशीटसोबत अहवाल पण दिला. पण कल आला फाइन आर्ट्सचा आणि ॲडमिशन झाली सायन्सला, तर विचारणारं कोणी नव्हतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर शाखांच्या भिंतीच नकोत असं लिहिलंय, पण घरातली भिंत धोरणानं थोडीच पडते.

आत्ता दहावीत असलेल्यांचे आईबाप म्हणजे साधारण 1995 ते 2005 मधे शिकलेले. त्यांच्या डोळ्यासमोर पुण्याजवळ हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं, वर्गातला कोणीतरी अमेरिकेला गेला, म्हणून आजही कॉम्प्युटरच्या सीटवर उड्या आणि सिव्हिल मेकॅनिकलला कित्येक कॉलेजात जागा रिकाम्या. आणि त्यातलेच काही, जे स्वतः आयटीत आहेत आणि टीममधली माणसं कमी होताना बघतायत, ते आता पोरांना हळूच सांगायला लागलेत की आयटी सोडून दुसरं काहीतरी बघ.