मिलियन्स (चित्रपट)

डॅनी बॉइल दिग्दर्शित ब्रिटिश कौटुंबिक चित्रपट (२००४). पटकथा फ्रँक कॉट्रेल बॉइस यांची असून त्यांनी त्याच कथेवर लिहिलेल्या बालकादंबरीला कार्नेगी पदक (बालसाहित्याचा ब्रिटिश पुरस्कार) मिळाले. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी पुढे बॉइल यांच्यासोबत मुंबईत ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ (२००८) केला; दोन भाऊ, हरपलेली आई आणि अचानक आलेला पैसा हा धागा त्याही चित्रपटात आहे.

इंग्लंडच्या वायव्य भागात, आईच्या मृत्यूनंतर वडिलांबरोबर नव्या वसाहतीत राहायला आलेला लहानगा डेमियन (अ‍ॅलेक्स एटेल) रेल्वेमार्गालगत पुठ्ठ्याच्या खोक्यांची कुटी उभारतो आणि धावत्या गाडीतून फेकलेली नोटांची बॅग त्या कुटीवर येऊन आदळते. हे धन देवानेच धाडले, अशी त्याची खात्री होते. त्याचा थोरला भाऊ अँथनी याला मात्र त्यात घरे-जागांची गुंतवणूक दिसते. चित्रपटातील ब्रिटन पौंड सोडून युरो स्वीकारण्याच्या बेतात असल्यामुळे (प्रत्यक्षात तसे घडले नाही) या नोटा थोड्याच दिवसांत रद्दी ठरणार असतात, त्यामुळे त्या साठवून ठेवण्याची सोयच राहत नाही.

दान करणेही वाटते तितके सोपे नसते. शेजारच्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) तरुणांच्या दारातून गुपचूप आत सरकवलेल्या पैशांतून त्यांच्या घरी नवी यंत्रे येतात, तर शाळेतील मदतनिधीत टाकलेली मोठी रक्कम संशयाला कारण होते. डेमियनला संतांची चरित्रे जन्ममृत्यूच्या सनांसह तोंडपाठ आहेत. फ्रान्सिस, निकोलस, युगांडाचे हुतात्मे असे संत त्याला भेटतात आणि अगदी घरगुती सुरात बोलतात. संत क्लेअर तर सिगारेट ओढते. यांतला सर्वांत मार्मिक प्रसंग संत पीटरचा. येशूने पाच भाकरी व दोन मासे यांवर हजारोंना जेवू घातले, त्या चमत्काराची त्याने सांगितलेली हकीकत अशी, की एका मुलाने आपली शिदोरी पुढे केल्यावर इतरांनीही लपवलेले खाणे हळूच बाहेर काढले आणि ते सर्वांना पुरले. श्रद्धाळूंना हा खुलासा कदाचित रुचणार नाही, पण चित्रपटाची दानाविषयीची समजूत याच प्रसंगात उलगडते.

भेटलेल्या संतांना डेमियन ‘सेंट मॉरीन’ची, म्हणजे आपल्या आईची, चौकशी करतो. अखेरीस तो उरलेल्या नोटा रुळांजवळ नेऊन जाळतो, तेव्हा आई त्याला भेटते. संतपदासाठी लागणारा चमत्कार तिने कोणता केला, असे तो विचारतो. तो चमत्कार तूच, असे ती सांगते.